कृपया हाक मारू नये

लंडनजवळच्या हॅरोमधल्या त्या घराच्या फाटकावर नावाची पाटी नव्हती. घराचा नंबर होता, बेल होती आणि बेलच्या खाली एक पांढरी पाटी होती. तिच्यावर आधी इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहिलं होतं: बेल वाजवावी. कृपया हाक मारू नये.

बॉक्सरूम, म्हणजे वरची चिंचोळी खोली, भाड्यानं मिळेल का, हे विचारायला मी गेलो तेव्हा ती पाटी पहिल्यांदा वाचली. इंग्रजी ठीक आहे, पण या गल्लीत मराठी कोण वाचणार, असं मी घरमालकांना विचारलं.

"ज्यांना हाक मारायची सवय आहे ते वाचतील," ते म्हणाले.

मग खोली न दाखवताच त्यांनी माझी परीक्षा घेतली. आडनाव सांगायचं नाही. ते एजंटला सांगा, मला नको. गावही सांगायचं नाही. भांडी स्वतः घासता का आणि रात्री फोनवर मोठ्यानं बोलता का, एवढंच सांगा. मी दोन्ही उत्तरं त्यांना हवी तशी दिली आणि त्या घरात राहायला गेलो. हॉलमधली बुद्धमूर्ती बघून मला आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं होतं. तसं मी म्हणालोही. त्यावर त्यांनी मला झाडलं. "मूर्ती बघून माणूस ओळखू नका. ते काम बाकीचे करतात."

आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. ते शिक्षक नव्हते, कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात त्यांची हयात गेली होती. पण समोरच्याची चूक काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते फक्त मास्तरांच्याच चेहऱ्यावर मी पाहिलेलं आहे. उंचीनं बेताचे, घरातही टाय लावणारे, आणि लहानथोर सगळ्यांना 'अहो-जाहो' करणारे. खिडक्या पुसायला येणारा पोलिश मुलगा मराठी शिकला असता तर त्यालाही 'तुम्ही' मिळालं असतं. 'तू' होतं ते फक्त त्यांच्या मुलीला. तिचं नाव मित्रा. बायको वारलेली होती. त्यामुळे त्या घरात 'तू' म्हणून घेणारं एकच माणूस होतं.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला सर वर्षाकाठी एकदा जायचे, ते भांडायलाच. तिथे कुणी ना कुणी गोड आवाजात विचारायचंच, "तुम्ही मूळचे कुठले?"

"हॅरोचा."

"तसं नाही हो. त्याआधी?"

"वेम्बली."

"नाही, म्हणजे अगदी मूळचे?"

"हीथ्रो, टर्मिनल थ्री," असं म्हणून सर बटाटेवडा उचलायचे. विचारणारा हसायचा, पण हसताना त्याची नजर सरांवरून फिरायची ती मी पाहिली आहे. उत्तर मिळालं नाही की हे लोक उत्तर ओळखतात. सात समुद्र ओलांडले, पासपोर्ट बदलले, हवेबद्दल कुरकुर करायला शिकले, पण तो एक प्रश्न तेवढा हातातल्या सामानात जपून आणला.

घरातही हाक मारायची बंदी होती. जेवण झालं की खालून ओरडायचं नाही. सर दुखरा गुडघा घेऊन जिना चढायचे, बॉक्सरूमच्या दारावर टकटक करायचे आणि सांगायचे, "आमटी झालेली आहे." मी म्हणायचो, सर, खालून सांगत जा. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. कुरियरवाला फाटकातून "हॅलो, एनीबडी?" असं ओरडला तर सर खुर्चीत ताठ बसून राहायचे. पार्सल परत गेलं तरी चालेल.

मित्रा याच वळणात वाढली होती. ती मला एकदा म्हणाली, "शाळेत असताना मी फ्रेंडच्या घरी गेले ना, तिची मम खालून ओरडली, 'टी!' मला इतका भीती वाटला. मला वाटलं कोणीतरी हर्ट झालं." तिचं मराठी असंच होतं. सर जगाच्या चुका काढायचे, पण तिचं मराठी कधी दुरुस्त करत नसत.

हाकेच्या बंदीमागचं कारण सरांनी मला एकदाच सांगितलं. हिवाळ्याच्या तोंडावर घड्याळं एक तास मागे करायची त्या दिवशी ते फाटकावरच्या बेलची बॅटरीही बदलायचे, संपलेली असो वा नसो. मी टॉर्च धरून उभा होतो.

"आमची वस्ती गावाबाहेर," ते स्क्रू फिरवत म्हणाले. "गावातला माणूस आत यायचा नाही, विटाळ होईल म्हणून. लांब बाभळीखाली उभा राहायचा आणि तिथून हाक मारायचा. नाव घेऊन नाही हं. जातीच्या नावानं. कुणाचं जनावर मेलंय, कुणाचा सांगावा पोचवायचाय. वडील जेवत असले तर ताटावरून उठायचे. हात तसाच."

"वडिलांचं नाव काय होतं, सर?"

"चांगलं नाव होतं. कुणी घेतलंच नाही." त्यांनी झाकण बसवलं आणि बेल वाजवून बघितली. त्या बेलचा आवाज इतका मोठा होता की समोरच्या आयरिश आजी खिडकीत यायच्या.

मित्राला बेसिंगस्टोकला नोकरी लागली आणि तिथेच तिला सिफो भेटला. त्याचा जन्म इकडचाच, पण आईवडील दक्षिण आफ्रिकेतले, झुलू. वडील लहानपणीच गेलेले. काकांनी त्याला वाढवलं. काका मेडनहेडला राहायचे आणि मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होते. माणूस जुन्या वळणाचा. पोरं कितीही म्हणोत, रजिस्टर ऑफिसात सही करून लग्न होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मुलीच्या बापाकडे रीतसर मागणी घालायची, लोबोला ठरवायचा, म्हणजे मुलीच्या घराला गाईंच्या रूपानं मान द्यायचा, मगच लग्न.

सरांना झुलू जावई चालत होता. गाई चालत नव्हत्या.

"मेलेली जनावरं ओढण्यात आमच्या पिढ्या गेल्या," ते मित्राला म्हणाले. "आता जिवंत घेऊन मुलगी देऊ?"

"बाबा, नोबडी इज ब्रिंगिंग अ काऊ टू हॅरो!"

पण सर प्लॅनिंग खात्यातले. आक्षेप घ्यायचा तरी पूर्ण कागद वाचून. त्यांनी लायब्ररीतून झुलू चालीरीतींवरची पुस्तकं आणली आणि मुळापासून अभ्यास सुरू केला. आधी नाक मुरडत वाचत होते, मग चष्मा वर करून मला वाचून दाखवायला लागले. मागणी घालायला नवरा मुलगा येतच नाही. त्याच्या घरचे दोन-तीन वडीलधारे येतात, त्यांना अबाखोंगी म्हणतात. ते भल्या पहाटे मुलीच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहतात. मुलीकडचे त्यांना लगेच आत घेत नाहीत. ताटकळत ठेवतात. उन्हात, पावसात. आत घेतलं तरी लगेच खुर्ची देत नाहीत. मुलीचा बाप तर समोर येतच नाही, त्याच्या वतीनं दुसरे बोलतात. मग मुलीला बोलावून विचारतात, या लोकांना तू ओळखतेस का? ती हो म्हणाली की पुढची बोलणी.

हे वाचल्यावर सरांचा नूरच पालटला. "अहो, बघा तरी! मुलाकडचे बाहेर उभे. टोपी काढून. आपल्याकडे मुलीचा बाप जावयाच्या काकाच्या मेव्हण्यापुढेसुद्धा वाकतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला ते पुस्तकाचं पान उलटत राहिले. आपल्या दारात कुणीतरी अदबीनं उभं राहणार, हे त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं. त्या काही आठवड्यांत मी त्यांना जितकं खूश पाहिलं तितकं आधीही नाही आणि नंतरही नाही.

त्यांच्या वतीनं बोलणारा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली आणि तालमी सुरू झाल्या. सर स्वतः सिफोचे काका व्हायचे, हॅट घालून आपल्याच फाटकाबाहेर उभे राहायचे आणि आपलीच बेल वाजवायचे. मी पडद्याआडून बघायचं आणि हलायचं नाही. मी दया येऊन लवकर उघडलं की रागवायचे. "अहो, इतक्यात? अजून थोडं उभं राहू द्या त्यांना!" आयरिश आजी समोरून हात हलवायच्या. सरांनी अद्रकाची बीअर आणून ठेवली, कारण पुस्तकात तीच लिहिली होती. खुर्च्यांना पॉलिश झालं.

एकच अडचण होती. अबाखोंगी फाटकाबाहेर मुकाट उभे राहत नाहीत. ते मुलीच्या कुळाची नावं मोठ्यानं पुकारतात. आडनावाच्या मागे असलेल्या पूर्वजांची नावं, एकामागून एक, गाण्यासारखी. झुलू माणसाला त्याच्या कुळाच्या नावानं पुकारणं यापरता मोठा मान त्यांच्यात नाही. साधे आभार मानतानाही ते नाव घेतात.

सरांनी मित्राला सांगितलं, "ते नको. बेल आहे. बेल वाजवा म्हणावं. बाकी सगळं त्यांच्या पद्धतीनं."

मित्रानं सिफोला सांगितलं, सिफोनं काकांना. आणि काकांना वाटलं, किती विनयशील माणूस! कोणता भला बाप म्हणेल की या आणि माझी स्तुती करा? पण तो नको म्हणाला म्हणून आपण चोरासारखं मुक्यानं त्याच्या दारात उभं राहायचं? बेल तर पिझ्झावालाही वाजवतो. सिफोकडे पुन्हा विचारणं त्यांना बरं दिसेना. म्हणून त्या सज्जन माणसानं स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. मराठी लोक एका हॉलमध्ये जमतात असं कळल्यावर ते मेडनहेडहून हॅरोला आले, मंडळाच्या कार्यक्रमात गेले आणि एका पदाधिकाऱ्यांना सरांचं नाव सांगून अदबीनं विचारलं, यांचं कूळ कोणतं? पदाधिकाऱ्यांनी सांगितलं. आमच्या जातीचं जुनं नाव सांगितलं, उच्चारही नीट करून घेतला.

मागणीची सकाळ शनिवारची होती. कडाक्याची थंडी, गवतावर पांढरं दंव. सर वरच्या खोलीत बसले होते, टाय लावून. मित्रा साडी नेसून शेजारच्या खोलीत. मी पडद्यामागे. फाटकाबाहेर एक गाडी थांबली आणि तीन माणसं उतरली. मधले सिफोचे काका, उंच, वाकलेले, काळ्या सुटात. त्यांनी हॅट काढून छातीशी धरली, मान खाली घातली आणि खणखणीत आवाजात, बाभळीखालून वस्तीला मारायचे ती हाक मारली.

तो शब्द मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर खाली आले ते भिंतीला धरून. त्यांनी दाराची कडी लावली, साखळी लावली आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले.

आणि बाहेर काका वाट बघत होते! त्यांच्या मते सगळं अगदी रीतीप्रमाणे चाललं होतं. घर जितकं खानदानी तितकं जास्त ताटकळत ठेवणार. त्यांनी सोबत्यांकडे बघून समाधानानं मान हलवली, घसा साफ केला आणि पुन्हा पुकारलं, आधीपेक्षा मोठ्यानं, लांबवून, जीव ओतून. मागच्या दोघांनी साथ दिली. प्रत्येक हाकेला दाराला टेकलेली सरांची पाठ दचकत होती. त्यांचा उजवा हात पुढे आला होता, बोटं पसरलेली. हात उष्टा असल्यासारखा.

मी मागच्या दारानं धावत बाहेर गेलो.

थंडीत गोठलेल्या फुटपाथवर एका म्हाताऱ्या झुलू माणसाला त्या शब्दाचा अर्थ मला सांगावा लागला. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. काय सांगितलं ते आठवत नाही. त्यांचा चेहरा आठवतो. ते सावकाश बागेच्या ठेंगण्या भिंतीवर बसले.

"माझ्या वडिलांसाठीसुद्धा एक शब्द होता," ते म्हणाले. "गोरी पोरं व्हरांड्यातून ओरडायची. वडील पळत जायचे." बराच वेळ ते हॅट हातात फिरवत होते. मग म्हणाले, "मला आत जाऊ दे. मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसतो."

मी दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून हे सगळं आत सांगितलं. सरांनी एकच विचारलं. "तो शब्द त्यांना दिला कुणी?"

तोवर मित्रा खाली आली होती. ती हसत होती, फोन हातात. वरच्या खिडकीतून तिनं सगळं रेकॉर्ड केलं होतं. "बाबा, इट वॉज सो ब्यूटिफुल! दार का नाही उघडत?"

सरांनी तिला तो शब्द काय ते सांगितलं. मी त्या फटीतून ऐकत होतो. ती म्हणाली, "पण ते ऑनर करत होते तुम्हाला. त्यांना काय माहीत?"

"सगळ्या गल्लीनं ऐकलं."

"गल्लीत कोणाला कळतो तो वर्ड, बाबा?"

"मला कळतो."

"मला पण नव्हता माहीत!" ती रडत ओरडली. त्या घरात मी ऐकलेला तो पहिला चढा आवाज. "तुम्ही मला कधी सांगितलाच नाही! मला माहीत असता तर मी त्यांना थांबवला असता. आता दार उघडा. प्लीज. ही इज सिटिंग इन द कोल्ड. माझा लग्न आहे, बाबा."

सर बाजूला झाले. साखळी काढली. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण त्यांनी दार उघडून धरलं ते काकांसाठी नव्हतं.

"तुम्ही जा," ते मुलीला म्हणाले.

ती गेली. साडीवर सिफोच्या काकांचा कोट घालून गाडीत बसली आणि एकदाही मागे वळली नाही. सर दारात उभे होते. गाडी कोपऱ्यावर वळल्यावर मला म्हणाले, "त्यांच्यात मुलगी माहेराहून निघाली की मागे बघत नाही. अपशकुन मानतात. मी वाचलंय." आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी म्हटलं, हो, तसंच असेल.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना मी नंतर गाठलं. ते समोसा खात होते. "अहो, त्यांनी क्लॅन विचारला, मी सांगितला. फॅक्ट आहे ना? तुम्ही लोक फार सेन्सिटिव्ह असता बुवा." मी त्यांच्या हातातली प्लेट उडवली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पण माझा खरा राग सरांवर आहे. त्या पदाधिकाऱ्याकडून कुणाला काय अपेक्षा असणार? सरांकडून होती. ज्या एका माणसाला त्यांचं दुःख न सांगता कळलं असतं तो त्यांच्या बागेच्या भिंतीवर थंडीत बसून होता, आणि यांनी त्याला तसाच जाऊ दिला. अपमान करणाऱ्यांसमोर हा माणूस आयुष्यभर बटाटेवडे खात राहिला, आणि मान देणाऱ्याच्या तोंडावर दार लावलं. हे मी त्यांना तोंडावर म्हणालो आणि बॉक्सरूम सोडली.

लग्न बेसिंगस्टोकच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये झालं. बायका गात होत्या, पाय आपटून नाचत होत्या. मुलीच्या घराण्याचं नाव पुकारायची वेळ आली तेव्हा काका पुढे आले, हॅट काढली आणि काहीही न बोलता उभे राहिले. त्यांच्यात मुलीच्या आईबापाच्या अंगावर ब्लँकेट पांघरतात. सरांच्या वाट्याचं काकांनी माझ्याकडे दिलं. मी ते हॅरोला नेऊन पोचवलं. सरांनी ते जिन्याखालच्या बाकावर ठेवलं, प्लॅस्टिकसकट, आणि ते तिथेच राहिलं. फाटकाला त्यांनी कुलूप घातलं होतं. मुलीचा फोन ते घेत नसत. तिच्याबद्दल माझ्याकडे मात्र आडून आडून चौकशी करायचे, ती थंडीत टोपी घालते का वगैरे.

गेल्या महिन्यात मित्राचा मला फोन आला. ती आणि सिफो न कळवता हॅरोला गेले होते, लेकीला घेऊन. पोर दीड वर्षाची. मित्रानं फाटकावरची बेल दाबली. पुन्हा दाबली. आतमध्ये दिवा होता, स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. दार काही उघडलं नाही. फाटकाला कुलूप.

"सिफो म्हणाला, शाउट फॉर हिम. तो ओरडणार होता, मी त्याचा तोंड धरला." ती सांगत होती. "मला नाही जमत हाक मारायला. मी कधी मारलीच नाहीये. आम्ही खूप वेळ उभे होतो. मग बेबीला थंडी वाजली."

मी रविवारी गेलो. फाटकावरची बेल दाबली तर काहीच वाजलं नाही. बॅटरी कधीची मेलेली. घड्याळं मागे करायच्या किती रात्री आल्या नि गेल्या, सरांनी ती बदलली नव्हती. येणार कोण होतं? मी फोन केला तेव्हा ते किल्ली घेऊन बाहेर आले. टाय होता. दाढी वाढलेली होती.

मी काही सांगायची गरज पडली नाही. समोरच्या आयरिश आजींनी त्यांना दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तुझी मुलगी आली होती, कडेवर गोड पोर होती, इथेच उभ्या होत्या, तू घरी नव्हतास का?

"मी घरीच होतो," सर मला म्हणाले. "मागे स्वयंपाकघरात. आमटीच करत होतो." त्यांना कुलपात किल्ली घालता येईना. "बेल बंद होती, मान्य आहे. माझी चूक. पण आवाज पोचला असता. इथून स्वयंपाकघर किती लांब आहे? मग हाक का नाही मारली तिनं?"

त्यांच्या दुसऱ्या हातात ओलं फडकं होतं. बोलता बोलता ते त्यानं बेलखालची 'कृपया हाक मारू नये' ही पाटी पुसत होते.